सेट-टॉप बॉक्सचं टोपडं

मुलुंड पूर्वेला, म्हाडाच्या वसाहतीत, वनमालाबाई पाताडे यांच्या घरात उघडी म्हणून एकही वस्तू सापडायची नाही. फ्रिजच्या दांड्याला क्रोशाची पट्टी, मिक्सरला क्रोशाचा घागरा, पाण्याच्या फिल्टरला क्रोशाची टोपी. लँडलाइनचा फोन बंद पडून कैक वर्षं झाली होती, पण दिवाणाशेजारच्या स्टुलावर तो अजून जाळीदार रुमालाखाली बसून होता आणि त्याचा रुमाल नेमाने धुतला जायचा. गॅसच्या सिलेंडरचं माप घेतलं गेलं तेव्हा मात्र सुनेने, मानसीने, हात जोडले. "आई, आग लागेल हो!" सिलेंडर तेवढा सुटला.

वनमालाबाईंचं म्हणणं सरळ होतं. झाकलेली वस्तू टिकते. देवगडकडून लग्न होऊन मुंबईला आल्या तेव्हा घरात वस्तूच मोजक्या. रेडिओ आला तर आख्खा मजला बघायला आला होता. अशी आलेली वस्तू उघड्यावर टाकायची म्हणजे काय? शेजारच्या एका बाईंनी क्रोशाची सुई हातात दिली, ती मग सुटलीच नाही. यात उपयोग किती आणि हौस किती, हे विचारायला जाऊ नये. विचारणाऱ्याला चहा मिळायचा, पण तो पीत असताना त्याच्या मोबाईलचं माप घेतलं जायचं.

त्यांचे यजमान दशरथराव याबद्दल कधीच काही बोलले नाहीत. न बोलणं हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. मरोळच्या एका कंपनीत ते पॅकिंगला होते आणि कंपनीच्या नाटकमंडळात प्रॉम्प्टर. दरवर्षी कामगारांच्या स्पर्धेत नाटक व्हायचं. राजापासून हुजऱ्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं दशरथरावांना तोंडपाठ, पण ती म्हणायची विंगेत उभं राहून, पुटपुटत, नटाला ऐकू जातील आणि पहिल्या रांगेला जाणार नाहीत अशी. नाटकाला बक्षीस मिळालं की फोटो निघायचा. त्या फोटोंत दशरथराव कुठे आहेत ते फक्त वनमालाबाईंना सांगता यायचं. पडद्याच्या घडीत तो अर्धा हात दिसतो ना, तो.

रिटायर झाल्यावर कंपनीतल्याच एका जुन्या दोस्ताने त्यांना मालिकांच्या गर्दीत उभं केलं. घोडबंदरच्या बाजूला सेट लागायचे, मुलुंडहून जाणं सोयीचं. साडेसातच्या एका गावाकडच्या मालिकेत पंचायत भरली की मागच्या रांगेत फेटा बांधून बसायचं आणि पुढची माणसं भांडली की मान हलवायची. घरी सगळे टीव्हीसमोर बसून त्यांना शोधायचे. "तो बघा, तो बघा कान!" वनमालाबाई ओरडायच्या. कान बरोबर त्यांचाच असायचा. वहिवाटीचा कान होता तो.

आणि एके दिवशी सेटवर चमत्कार झाला. म्हाताऱ्या गावकऱ्याचं काम करणाऱ्या नटाचं पोट बिघडलं. वाक्य एकच होतं. दिग्दर्शकाने मागच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि ते दशरथरावांवर थांबलं. "काका, तुम्ही. बोलता येईल?"

वाक्य असं होतं: "विहीर तुझी असंल पाटला, पाणी गावाचं हाय."

घरी आल्यावर दशरथरावांनी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच उभं राहून ते वाक्य म्हणून दाखवलं. वनमालाबाईंच्या हातात कणकेचा गोळा होता, तो तसाच राहिला. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा एवढा मोठा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

खरं तर त्या दिवशी शूटिंग होऊन गेलं होतं. आता सराव करून काय उपयोग? पण दशरथरावांचं समाधान होईना. जन्म गेला मालवणी बोलण्यात, त्यामुळे तोंडात 'आसा' यायचं आणि 'हाय' म्हणायला जीभ अडायची. आपण बरोबर म्हटलं की नाही, 'पाटला'नंतर पुरेसं थांबलो की नाही, हे आठवून आठवून ते पुन्हा म्हणून बघायचे. आंघोळीत म्हणायचे. जिन्यात म्हणायचे. भाजीवाल्याकडे दुधी निवडताना त्यांनी ते अशा काही जरबेने म्हटलं की भाजीवाल्याने दुधी बदलून दिला. महिनाभरात मजल्यावरच्या प्रत्येक माणसाला ते वाक्य पाठ झालं. शेजारचा सुयोग, जो बँकेत नोकरीला होता, तो लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणायचा, "लिफ्ट तुझी असंल पाटला!"

भाग कधी लागणार ते कळलं आणि दशरथरावांनी आख्ख्या मजल्याला आमंत्रण दिलं. वरच्या द्रौपदीबाईंनाही. द्रौपदीबाईंना बोलावणं म्हणजे वसाहतीला बोलावणं.

इथे टीव्हीची भानगड उपटली. मुलगा सर्वेश पवईला नोकरीला. त्याने हौसेने मोठा, भिंतीवरचा टीव्ही आणला होता आणि जुन्या टीव्हीबरोबर केबलचा जुना डबाही भंगारात दिला होता. "आता सेट-टॉप बॉक्स कशाला बाबा? सगळं नेटवर दिसतं. हवं तेव्हा बघा."

"हवं तेव्हा कशाला?" दशरथराव म्हणाले. "ते दाखवतील तेव्हा बघायचं. आपण बघतोय त्याच वेळी कणकवलीत बघतायत, सोलापुरात बघतायत, तर ते टीव्हीवर आलं असं म्हणायचं. हवं तेव्हा बघायला तो काय लग्नाचा अल्बम आहे?"

दशरथराव केबलवाल्या भीमराजकडे गेले. भीमराज म्हणाला, "काका, उद्या येऊन लावतो." भीमराजचा उद्या वसाहतीत सगळ्यांना माहीत होता. दशरथरावांनी नवा डबा पिशवीत घातला आणि स्वतः घरी घेऊन आले.

डबा लावणं म्हणजे काय, एक वायर भिंतीतून डब्यात, एक वायर डब्यातून टीव्हीत. ऐकायला सोपं. पण टीव्ही लावणाऱ्यांनी तो भिंतीला असा चिकटवला होता की मागे हात जात होता आणि नजर जात नव्हती. दशरथरावांनी दातांत टॉर्च धरली. वनमालाबाईंनी आपला कुंकवाचा हातआरसा आणला आणि टीव्हीमागे तिरका धरला.

"दिसता?"

"अँ," दशरथराव टॉर्चमधून म्हणाले.

आरशात टीव्हीची मागची बाजू दिसली, पण उलटी. डावं भोक उजवीकडे, अक्षरं पालथी. दशरथरावांचा हात एकीकडे जायचा आणि आरशातला हात दुसरीकडे. त्यांनी वायर आधी कसल्याशा स्क्रूवर दाबली, मग भिंतीवर, आणि शेवटी कुठेतरी खट्‌ झालं. टॉर्च काढून ते विजयी मुद्रेने बाजूला झाले. टीव्ही लावला. निळा पडदा आला आणि त्यावर लिहिलं होतं: सिग्नल नाही.

मग दशरथरावांनी भीमराजला नावं ठेवली, टीव्हीच्या कंपनीला ठेवली, पुढे सर्वेशच्या शिक्षणापर्यंत गेले. तोवर वनमालाबाईंनी टीव्हीचा रिमोट उचलला. आरसा धरून त्यांचा हात दुखत होता, पण आरशात काय दिसलं ते त्यांच्या लक्षात होतं. आरशात वायर पहिल्या भोकात गेलेली दिसत होती, म्हणजे खरी ती शेवटच्यात गेली असणार. त्यांनी बाणाचं चित्र असलेलं बटण दाबलं, यादी आली, खाली खाली जाऊन शेवटच्यावर थांबल्या. बातम्या लागल्या.

"मी तेच करणार होतो," दशरथराव म्हणाले.

डबा टीव्हीखालच्या फळीवर बसला. काळा, चपटा, पुढे बारीक दिवा. उघडा. वनमालाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं भवितव्य तिथेच ठरलं.

या कव्हरावर त्यांनी जीव ओतला. दशरथराव ज्यातून बोलणार तो डबा, त्याला साधी जाळी कशी चालेल? पांढरा दोरा, कडेला शंखाची झालर, आणि भोकांतून धूळ जाऊ नये म्हणून आतून सॅटिनचं दुहेरी अस्तर. बाई काही अडाणी नव्हत्या. रिमोटला उत्तर देणारा डोळा पुढे असतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या जागी एक छोटी खिडकी ठेवली. कव्हर चढवलं तेव्हा मानसी हसली. "आई, बारशाचं टोपडं घातलंय त्याला." मजल्यावर तेच नाव पडलं.

टोपडं घातलं त्याच संध्याकाळी डबा बंद पडला. साडेसातची मालिका अर्धी झाली असेल-नसेल, चित्र थिजलं, मग निळं झालं, मग डब्याचा दिवा गेला. घटकाभराने आपोआप आला. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळीही तेच. भाग तर तोंडावर आलेला. दशरथरावांचं जेवण सुटलं.

भीमराज आला. आता वनमालाबाईंची एक पद्धत होती. घरी कुणी कारागीर आला की त्या आधी सगळी कव्हरं उतरवून कपाटात ठेवायच्या. परका माणूस, हात काळे, पांढऱ्या दोऱ्याची वाट लागायची. म्हणून भीमराजची बेल वाजली की टोपडं निघायचं. भीमराज बसायचा, टीव्ही बघायचा, चहा प्यायचा. डबा मजेत चालायचा.

"काकू, सिग्नल तर झकास आहे."

"तू गेलास की बंद पडतो रे."

"मग मी इथेच राहू का?"

तो गेला की टोपडं परत चढायचं आणि डबा परत बंद पडायचा. दुसऱ्या खेपेला भीमराजने वायर बदलली. तिसऱ्या खेपेला भिंतीतला जोड बदलला आणि म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण घरात काही नजरबिजर लागली का बघा. माझ्या सर्व्हिसमध्ये असा लोचा मी पाहिला नाही." वनमालाबाईंनी नजरही काढली. टोपड्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

कळलं ते त्यांचं त्यांनाच. एका संध्याकाळी डबा गेला आणि झालर सरळ करायला त्यांनी हात लावला, तर अस्तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतकं गरम. त्या तिथेच उभ्या राहिल्या. भीमराज, बेल, कपाट, कव्हर, सगळं एका ओळीत डोक्यात उभं राहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याची झोप उडवणारा डबा नव्हता, आपलं टोपडं होतं. कुणाला सांगायची सोय नाही. त्यांनी टोपडं काढून गुपचूप कपाटात ठेवलं. मानसीने विचारलं तर म्हणाल्या, "धुवायला टाकलंय." डबा त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही. दशरथराव म्हणाले, भीमराजचा जोड लागू पडला. वनमालाबाई म्हणाल्या, "पडला बाई एकदाचा."

इथेच सगळं सुखाने संपायला हरकत नव्हती. पण ज्या संध्याकाळी भाग लागणार, त्या दुपारी मानसी स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटलं. हातात मोबाईल होता. चॅनेलच्या ॲपवर भाग आधीच दिसतो, तिला राहवलं नाही, तिने बघितला होता.

"आई, बाबांचं वाक्य नाहीये."

"म्हणजे?"

तिने दाखवलं. पंचायत भरली होती. नायक उभा राहिला, पाटील उभा राहिला, आणि मग दशरथराव. कान नाही, खांदा नाही, चांगला पडदाभर चेहरा. फेटा, पांढऱ्या मिशा. ते वर बघतात, ओठ उघडतात, आणि त्याच क्षणी तुतारी आणि ढोल असे काही सुरू होतात की बस. मग नायिकेचे डोळे. परत दशरथराव, ओठ मिटताना. आवाज पुसून टाकला होता. कुणाला वाटलं असेल, इथे संगीत बरं वाटेल.

वनमालाबाईंनी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघवेना.

"मी सांगू का बाबांना?" मानसी म्हणाली.

बाहेरच्या खोलीत दशरथराव शर्टाला इस्त्री करत होते. घरात बसून टीव्ही बघायला इस्त्रीचा शर्ट. मिशीला त्यांनी काळं लावलं होतं आणि मग पडद्यावर पांढरी दिसणार हे आठवून धुवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे ती राखाडी झाली होती. वनमालाबाई दारापर्यंत गेल्या. "अहो," म्हणाल्या.

"काय गं?" ते वळले. इतका खुललेला चेहरा त्यांचा स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"काही नाही. खोबऱ्याच्या वड्या पुरतील ना?"

सांगणं त्यांच्याने झालं नाही. आख्ख्या मजल्यासमोर हा माणूस ओठ हलवणार आणि आवाज येणार नाही. लोक हसतील, चांगले लोकही हसतात. त्यांना एकच हवं होतं, ते दृश्य या घरात दिसता कामा नये. मेन स्विच पाडावा? पण वीज गेली की माणसं उठून दुसऱ्याच्या घरी जातात, आणि द्रौपदीबाई तर सगळ्यांना आपल्याकडे ओढूनच नेतील. डबा बंद पडला की मात्र कुणी हलत नाही. आत्ता येईल, आत्ता येईल करत बसतात आणि सल्ले देतात. तोवर भाग संपतो.

त्यांनी कपाट उघडलं आणि टोपडं काढलं.

संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. द्रौपदीबाई दिवाणावर, त्यांच्यासोबत त्यांच्या मजल्याच्या बायका, सुयोग जमिनीवर, सर्वेश लवकर सुटून आलेला. भीमराजही आला होता. आपल्या जोडाचा पराक्रम बघायला. टोपड्यात सजलेला डबा बघून सगळ्यांनी कौतुक केलं. दशरथराव मधल्या खुर्चीवर. एरवी भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसाला मध्ये बसवलं तर हातांचं काय करावं ते कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

"किती उकडतंय," द्रौपदीबाई म्हणाल्या. सुयोग उठला, आतून टेबलफॅन आणला आणि नेमका टीव्हीखालच्या फळीवर, डब्याला खेटून ठेवला.

पंखा डावीकडे वळला की टोपड्याची झालर फडफडायची. उजवीकडे गेला की बसायची. परत आला की आख्खं टोपडं टोपीसारखं वर व्हायचं आणि डबा आतून हवा खायचा. वनमालाबाईंनी दोनदा जाऊन ते खाली खोचलं. तिसऱ्यांदा गेल्या तर सुयोग म्हणाला, "काकू, बसा ना, मध्ये येताय तुम्ही." त्यांनी पंखा जरा फिरवून ठेवला, तर द्रौपदीबाईंनी परत होता तसा करायला लावला.

मालिका सुरू झाली. पहिला ब्रेक आला आणि गेला. डब्याचा दिवा चांगला टवटवीत होता. वनमालाबाई मनातल्या मनात देवगडच्या सगळ्या देवांना हाका मारत होत्या. बंद पाड रे महाराजा, आजच्या दिवस बंद पाड. ज्या डब्यासाठी नजर काढली तो आज का म्हणून चालतोय? दुसरा ब्रेक गेला. मानसीने सासूकडे बघितलं. सासूने मान फिरवली.

पंचायत भरली.

"आलं, आलं!" सुयोग म्हणाला. नायक उभा राहिला. पाटील उभा राहिला. भिंतीवर भला मोठा दशरथ पाताडे आला, फेटा बांधलेला, खुर्चीतल्या राखाडी मिशीच्या दशरथ पाताड्यांच्या समोर. त्याने वर बघितलं. ओठ उघडले. वनमालाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"विहीर तुझी असंल पाटला, पाणी गावाचं हाय!"

त्यांनी डोळे उघडले. तुतारी वाजत होती, ढोल वाजत होता, पण कुणालाही ते ऐकू गेलं नव्हतं. आख्खी खोली ओरडली होती. सुयोग, सर्वेश, द्रौपदीबाई, भीमराजसुद्धा. कुणी ठरवलं नव्हतं. महिनाभर जिन्यात आणि पॅसेजमध्ये ऐकून तोंडात बसलेलं वाक्य, ओठ हलले तसं आपसूक बाहेर पडलं. मग टाळ्या. मग शिट्ट्या.

"काय आवाज लागलाय हो पाताडे!" द्रौपदीबाई म्हणाल्या. "अंगावर काटा आला."

निम्म्या लोकांना कळलंच नव्हतं की टीव्हीतून काही आलं नाही. उरलेल्यांना कळलं होतं, आणि ते सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. जाहिराती लागल्या. वड्यांचं ताट फिरलं.

दशरथराव हलले नव्हते. वनमालाबाई पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याजवळ गेल्या. ते हळूच म्हणाले, "तुका म्हायत होता?"

"दुपारी कळला."

"म्हणान त्या डब्याक टोपडा घातलंस?"

वनमालाबाईंनी पेला त्यांच्या हातात दिला. "टोपड्याचा तुमका कसा कळला?"

"हात लावन बघलंय मी. तापता म्हणान."

"मगे सांगूक नाय तां? भीमराज तीनदा येवन गेलो!"

"तू इतक्या हौसेन केलंस," दशरथराव म्हणाले आणि पाणी प्यायले.

वनमालाबाईंना रडू आलं आणि रागही आला. एवढा मोठा डोक्याला ताप झाला, भाग बुडायची वेळ आली, तरी या माणसाने तोंड म्हणून उघडलं नाही. अशा माणसाला एक वाक्य मिळालं, तर तेही पुसलं मेल्यांनी!

दशरथरावांनी पेला खाली ठेवला आणि घसा खाकरला. "सुयोग."

"बोला काका. कडक एकदम!"

"'पाटला'नंतर थांबायचं असतं. तू धावलास. सगळेच धावलात."

"थांबायचं कशाला?"

"पाटलाला आधी कळायला हवं ना, आता आपण काय म्हणणार ते? आणि गावाला पण वाट बघायला लावायची. मग म्हणायचं."

"मग तुम्हीच म्हणून दाखवा," सर्वेश म्हणाला.

"हो, हो, म्हणा!" सगळे म्हणाले. तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि मालिकेचं शीर्षकगीत गर्जत परत आलं. "पुढचं बघू तरी," द्रौपदीबाईंची एक मैत्रीण म्हणाली. "पाटील आता काय करतो ते—"

वनमालाबाई पुढे झाल्या. टोपड्याकडे बघितलंही नाही, पंख्याकडेही नाही. भिंतीवरचं टीव्हीचं बटण होतं, ते त्यांनी सरळ बंद केलं. पडदा काळा झाला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज राहिला, तोही मानसीने बंद केला.

"म्हणा आता तुमी," वनमालाबाई म्हणाल्या.

दशरथराव उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी खाली ओढून सरळ केला. समोर बघितलं, तिथे बसलेल्या भीमराजचा पाटील केला. भीमराज उगाच सावरून बसला.

"विहीर तुझी असंल पाटला," ते म्हणाले.

आणि थांबले. खोलीभर नजर फिरवली. द्रौपदीबाईंवरून, सर्वेशवरून, बटणाजवळ उभ्या असलेल्या वनमालाबाईंवरून. प्रत्येकाच्या तोंडात पुढचे शब्द तयार होते. द्रौपदीबाईंचे तर ओठही हलले. पण या वेळी कुणी बोललं नाही. सगळे त्यांच्यासाठी थांबून राहिले.

"पाणी गावाचं हाय."